धम्मपाल सरांची बॅटरीवरची नाव

धम्मपाल ओव्हाळ सरांच्या दारात नाव आली तेव्हा सास्तुरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, सर रिटायर झाल्यावर बिघडले. दुसऱ्याचं म्हणणं, सर आधीपासूनच असे होते, नोकरीमुळं झाकून राहिलं होतं. सरांच्या पत्नी भाग्यश्री सिस्टर दोन्ही तटांच्या अध्यक्ष होत्या.

नाव तशी लहानच. सहा माणसं बसतील एवढी, फायबरची, एके काळी निळी असावी. आठ किलोमीटरवरच्या धरणात कुणीतरी नौकाविहार काढला होता, तो बंद पडला, ठेकेदारानं सामान लिलावात काढलं, आणि बाकीचे लोक खुर्च्या-टेबलं वाजवून बघत असताना सरांनी नावेवर हात ठेवला. पस्तीस वर्षं सर नववीला विज्ञान शिकवत होते. प्लावक बलाचा धडा आला की फळ्यावर एका ओढीत नाव काढायचे. एक बाण खाली, एक बाण वर. शेकडो नावा काढल्या आणि पुसल्या. पण स्वतः नावेत ते कधी बसले नव्हते. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, तेव्हा आपणही फार बोभाटा करायला नको.

भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या ह्या गावात घरं एका मापाची आणि अंगणंही एका मापाची. ते माप ठरवणाऱ्या साहेबानं, अंगणात कुणी नाव ठेवील, हा विचार केलेला नव्हता. नावेचं नाक फाटकाबाहेर रस्त्यावर आणि बूड पायरीला टेकलेलं. सिस्टरांना स्कूटी शेजाऱ्याच्या दारात लावावी लागे. बरं, दवाखान्यात इंजेक्शन घ्यायला आलेला माणूससुद्धा दंड पुढं करायच्या आधी विचारायचा, "सिस्टर, नाव कवा सोडालाव?"

शेवटी एका सोमवारी सकाळी सिस्टरांनी निकाल दिला.

"रविवारपर्यंत ही नाव धरणाच्या ह्या काठावरून त्या काठाला जाऊन परत आली पाहिजे. मी स्वतः आत बसून बघणार. नाही गेली तर सोमवारी भंगारवाला. मी त्याला सांगून ठेवलंय."

"अगं, इंजन उत्तम आहे. फक्त बॅटरी नाही."

"मग आणा की. तुम्हाला कुणी धरून ठेवलंय."

सिस्टर आवाज चढवत नसत. लोकांना सुया टोचून टोचून त्यांचा आवाज एका पातळीवर कायमचा स्थिर झाला होता. 'काही दुखणार नाही' हे ज्या आवाजात सांगायच्या, त्याच आवाजात त्यांनी भंगारवाल्याचं सांगितलं. पस्तीस वर्षांत सरांना घाम फोडणारे दोन-तीनच आवाज होते, त्यात हा पहिला.

इंजन म्हणजे नावेच्या मागं लटकणारं, पंखा पाण्यात आणि डोकं वर, असं पेट्रोलवरचं जुनं धूड. दोरी ओढून चालू करायची सोय होती, पण ती गंजून अशी बसली होती की ओढणाऱ्याचाच खांदा निखळावा. राहिला सेल्फ. सेल्फ मारायला बॅटरी हवी. आणि बॅटरी कोणती हवी, ह्या प्रश्नावर मंगळवारी सरांच्या अंगणात सभा भरली.

सभा सरांनी बोलावली नव्हती. पण सास्तुरात माणूस बॅटरी घ्यायला निघाला हे कळायला माणसाला निघावंही लागत नाही. शेजारचे बलभीम पाटील आले. त्यांच्याकडं ट्रॅक्टर, त्यामुळं यंत्र ह्या विषयावर त्यांचा शब्द वजनदार.

"सर, माझ्या ट्रॅक्टरची काढून बसवा. एवढं धूड ट्रॅक्टर चालू हुतंय तर तुमचं हे वाटीएवढं इंजन न्हाय व्हय हुणार?"

दुसऱ्यानं घरातल्या इन्व्हर्टरची सुचवली, कारण ती आठ तास पंखा फिरवते, आणि नावेतही पंखाच असतो. तिसरा म्हणाला, मिरवणुकीत डीजेच्या गाडीवर असतात तसल्या चार लावा, गावाला आवाज तरी येईल. संध्याकाळपर्यंत सल्ले सतरा जमा झाले, मदत शून्य.

सर हसून उठले. निरोपसमारंभात शाळेनं त्यांना नारळाबरोबर जुना फळा दिला होता, तो त्यांनी भिंतीला टेकवला. "बघा. इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे हमाल. दिवसभर थोडं थोडं ओझं वाहील, पण एकदम उडी मार म्हटलं तर मारणार नाही. सेल्फला लागतो पहिलवान. दोन सेकंद, पण सगळा जोर एकदम. म्हणजे ट्रॅक्टर किंवा जीपवाली. बलभीमराव बरोबर आहेत."

"म्या तर आधीच म्हणलं," बलभीम पाटील म्हणाले आणि तो सारा आठवडा तेवढंच म्हणत राहिले. मात्र ट्रॅक्टरची बॅटरी काढा असं सर म्हणताच त्यांना आठवलं की उद्या रानात ट्रॅक्टरनं कुळवाची पाळी घालायची आहे.

इथवर सरांचं शास्त्र बिनचूक होतं. चूक झाली नंदीशच्या दुकानात. नंदीश हा सरांचा विद्यार्थी नव्हता, तो कर्नाटकातल्या आळंदचा. त्यामुळं सरांचा धाक त्याला लागू नव्हता. त्यानं काउंटरवर एक गुळगुळीत काळी बॅटरी ठेवली. वर झाकण नाही, भोक नाही, काही नाही.

"सर, सीलबंद. हिला पाणी घालायचं न्हाय, ॲसिड बघायचं न्हाय. बसवायची आणि इसरून जायची."

सरांना गुळगुळीत वस्तूंचं आकर्षण होतं. शाळेत त्यांना आयुष्यभर तडा गेलेली परीक्षानळी मिळाली होती. त्यांनी बॅटरी उचलली आणि नातवाला घ्यावं तशी मांडीवर घेऊन बलभीम पाटलांच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आले.

बुधवारी चाचणी. असलं इंजन कोरडं चालवलं तर जळतं, पंखा पाण्यातच पाहिजे. गावात नळाला पाणी आठव्या दिवशी. आणि सिस्टरांनी मंगळवारीच दोनशे लिटरचा निळा ड्रम आणि मागचा हौद काठोकाठ भरून ठेवला होता. सिस्टर ड्युटीवर होत्या. सरांनी नाव हातभर पुढं ढकलून ड्रम तिच्या मागं सरकवला, इंजनाचं बूड त्यात बुडवलं आणि सेल्फ मारला.

पहिल्याच झटक्याला इंजन सुरू झालं. पंखा फिरला आणि ड्रममधलं निम्मं पाणी उठून बलभीम पाटलांच्या अंगावर गेलं. निम्मं फाटकाबाहेर गेलं, तिथं एक गृहस्थ सरांना आठवा सल्ला पुन्हा द्यायला येत होते.

"पाणी घाला, पाणी घाला, इंजन तापेल," सर ओरडले. बलभीम पाटलांनी हौदातून बादली आणली, ओतली. तीही उडाली. मग दुसरी. आता इथं शहाणा माणूस इंजन बंद करतो. पण रस्त्यावर लोक जमले होते, सरांच्या जुन्या विद्यार्थिनी आपापली लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या, आणि एक आजोबा म्हणाले, "मास्तरनं काढलं बगा करून." ह्या वाक्यासाठी सरांनी इंजन दीड तास चालू ठेवलं. बलभीम पाटलांनी ह्या दीड तासात हौदाचा तळ गाठला. धरणातली नाव अंगणात चालवण्यासाठी अंगणाचं धरण करावं लागलं, असं नंतर गावात बोललं गेलं.

सिस्टर संध्याकाळी आल्या. त्यांनी ओलं अंगण पाहिलं, कोरडा हौद पाहिला, आणि सरांकडं न पाहता शेजारून दोन घागरी मागून आणल्या. हे सरांना फार लागलं. रागावली असती तर उत्तर तयार होतं.

आणि नेमकं तेव्हाच बलभीम पाटील म्हणाले, "सर, हिला काय झालं?"

बॅटरी फुगली होती. चार सरळ बाजूंची वस्तू, ती आता हिरवा चारा जास्त झालेल्या वासरासारखी दोन्हीकडून गोल झाली होती.

दुकानात नेल्यावर नंदीशनं ती लांबूनच बघितली. "सर, किती साल जुनं इंजन?"

"असेल पंचवीसेक."

"मग तसंच. जुन्या इंजनाचा डायनॅमो करंट बनवतोय, पण थांबायचं कधी ते त्याला कळत न्हाय. बॅटरी भरली तरी हा आपला वाढतोच वाढतोय. पाहुण्याचं पोट भरलंय हे बघतच न्हाय. पाण्याची बॅटरी असती तर पाणी उडालं असतं, आपण परत घातलं असतं. हिला सील. जाणार कुठं?"

हे सरांनी नववीला शिकवलं होतं. अगदी ह्याच शब्दांत नाही, पण शिकवलं होतं. आणि सातवी नापास नंदीशकडून ते काउंटरच्या पलीकडून ऐकताना, बाजूला बलभीम पाटील मान डोलावत असताना, सरांना वर्गात उभं केल्यासारखं झालं.

वॉरंटीचा कागद निघाला. त्यावर कार, जीप, ट्रॅक्टर, टेम्पो असं छापलेलं. नंदीशनं शेवटपर्यंत बोट फिरवलं.

"नाव न्हाय, सर. कंपनीला नाव म्हाईतच न्हाय."

तेव्हा दुसरी बॅटरी आली. सहा झाकणांची, उघड्या मनाची, आणि आधी ॲसिड भरून मग सावकाश चार्ज करायची. सावकाश म्हणजे दहा-बारा तास, कमी करंटवर. घाई केली तर आतल्या पट्ट्या वाकतात. सास्तुरात सलग बारा तास वीज हा स्वतंत्र विषय आहे, त्यात शिरत नाही. वीज आली की सर चार्जर लावत, गेली की वहीत वेळ टिपत. गुरुवारभर त्यांनी अशी सात तुकड्यांत बॅटरी भरली. बलभीम पाटील एकदा आपुलकीनं थंड पाण्याच्या जारमधून तांब्या भरून आले, "उन्हाची तापली असंल, पाजतो जरा." सरांनी त्यांचं मनगट वरच्यावर धरलं आणि डिस्टिल वॉटर म्हणजे काय ह्यावर वीस मिनिटं घेतली. पाटलांनी ऐकून घेतलं आणि तो तांब्या स्वतः प्यायले.

अडचण निघाली संध्याकाळी. बॅटरी ओसरीत होती, आणि बुद्धमूर्तीपुढं सिस्टर मेणबत्ती लावत होत्या.

"भाग्यश्री, थांब. चार्जिंगला हायड्रोजन निघतो. ठिणगी पडली की भडका."

"मग?"

"आज मेणबत्ती आत लावली तर—"

"बॅटरी बाहेर जाईल," सिस्टर म्हणाल्या. वंदना झाली तेव्हा बॅटरी अंगणात नावेत होती, आणि तिच्याजवळ कुत्र्यानं झोपू नये म्हणून सर काठी घेऊन उभे होते.

राहिली परवानगी. धरणात नाव घालायची तर धरणाच्या ऑफिसचा कागद लागतो. शुक्रवारी सर अर्ज घेऊन गेले, आणि टेबलामागं निघाला रणधीर, सरांच्या हाताखालून गेलेला.

"सर, बसा. तुम्ही मला नववीत विज्ञानात बत्तीस दिले होते."

"पस्तीस लागत होते ना रे?"

"व्हय सर. पस्तीसच लागत होते."

एवढं बोलून त्यानं अर्ज घेतला. अर्ज दोन पानी होता. सरांनी आदल्या दिवशी बॅटरीजवळ बसून लिहिलेला, आणि बुधवारचा घाव ताजा. त्यामुळं त्यात बॅटरीचे प्रकार, सीलबंदचे तोटे, ॲसिडची घनता, सात तुकड्यांतलं चार्जिंग वेळेसह, सगळं आलं होतं. इंजनाबद्दल एकच वाक्य होतं: 'सदर इंजिन जुने असून त्याविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही.'

रणधीरनं दोन्ही पानं सावकाश वाचली आणि पंधरा मिनिटांत परवानगीचा कागद हातात दिला. सरकारी ऑफिसातून पंधरा मिनिटांत बाहेर पडलेला माणूस सहसा संशय घेतो. सरांनी घेतला नाही. चांगला अर्ज कसा लिहावा हे लोकांना कळत नाही, असं त्यांना वाटलं. प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, असं पस्तीस वर्षं सांगणाऱ्या ह्या माणसानं तो कागद एकदाही न वाचता घडी करून खिशात ठेवला.

रविवारी बलभीम पाटलांच्या ट्रॉलीत नाव, नावेत जुन्या वाकळेत गुंडाळलेली बॅटरी, बॅटरीवर हात ठेवून सर, आणि मागं स्कूटीवर डबा घेऊन सिस्टर, अशी वरात निघाली. काठावर अर्धं गाव आधीच पोचलं होतं.

धरणाचा चौकीदार श्रीपती कागद हातात घेऊन अक्षरावर बोट ठेवत वाचू लागला. "प्रकार, ब्याटरीवर चालणारी. इंधन, निरंक." मग त्यानं नावेत डोकावून पाहिलं. "सर, ह्या कॅनात काय हाय?"

"पेट्रोल."

"मंग निरंक कसं?"

सरांनी कागद घेतला. वाचला. दुसऱ्यांदा वाचला. रणधीरला फोन लावला, काठावरच्या लोकांनी गरज नसताना कान जवळ आणले.

"सर, तुमच्या अर्जात पावणेदोन पानं बॅटरीच होती," रणधीर म्हणाला. "इंजनाबद्दल विशेष काही नाही असं तुम्हीच लिहिलेलं. आणि पेट्रोलच्या नावेची फाइल वर जाते, तीन महिने. बॅटरीची मी देऊ शकतो. मी तुमचंच काम सोपं केलं, सर."

"मग आता दुरुस्त कर."

"करतो की. उद्या ऑफिसात या. आधीच्या अर्जात माहिती खोटी दिली होती, असं एक लिहून द्यायचं. खाली सही."

फोन बंद झाला. उद्या म्हणजे सोमवार. सोमवार भंगारवाल्याचा होता. पण त्याहून मोठं म्हणजे, पोरांच्या आजीला दर परीक्षेला मारणारे खोटे अर्ज ज्यांनी पस्तीस वर्षं फाडले, त्यांनी आता 'माझा अर्ज खोटा' अशी सही करायची.

"द्या की लिहून, सर," बलभीम पाटील म्हणाले. "आमी तर सोसायटीला दर साली देताव."

"माझ्या अर्जातलं एक अक्षर खोटं नाही," सर म्हणाले आणि पेट्रोलचा कॅन श्रीपतीच्या पायाशी ठेवला. "ढकला नाव."

श्रीपतीनं दोन भगवी लाइफ जाकिटं दिली. सिस्टर डबा घेऊन पुढं बसल्या. इंजनाच्या पोटात बुधवारचं घोटभर पेट्रोल उरलं होतं, हे फक्त सरांना माहीत होतं. ते किती पुरेल हे त्यांनाही नव्हतं. त्यांनी सेल्फ मारला.

इंजन घुमलं, मागं पाणी उसळलं, आणि नाव निघाली. काठ मागं सरकला. खाली बाण, वर बाण, आणि मधोमध धम्मपाल ओव्हाळ. सरांनी सिस्टरांना बाण दाखवायला बोट वर केलं. तेवढ्यात इंजन बंद पडलं. काठापासून दोनशे फूट.

सरांनी सेल्फ मारला. घर्र घर्र घर्र. पुन्हा मारला. बॅटरीबद्दल त्या दिवशी कुणाची तक्रार नव्हती. दहा मिनिटं ती पहिलवान घुमत राहिली आणि इंजन बसून राहिलं. काठावरून श्रीपती ओरडून सांगत होता की ब्याटरीची असून लईच आवाज करालीय. मग घर्रचं कर्र झालं, कर्रचं टिक झालं, आणि धरणावर शांतता पसरली.

"झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"तीस सेकंद थांब. बॅटरी थोडी सावरते."

"तुम्हीपण सावरा."

डावीकडून पाण्यावर बसून एक बाई येत होती. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर फळी, फळीवर तुळजाबाई, दोन्ही हातांत चपट्या फळकुट्या, मागं जाळ्याचा गोळा. धरणातले मासे धरून तिचा संसार चालला होता, त्याला बॅटरी कधी लागली नव्हती.

"सिस्टरबाई, तुमी इथं? माझ्या सुनंचं बाळंतपण केलतं न्हाय का तुमी," ती म्हणाली. मग तिनं इंजन पाहिलं, बॅटरी पाहिली, सर पाहिले. "बंद पडलं व्हय? कुठं जायचं हुतं?"

"त्या काठाला," सिस्टर म्हणाल्या. "आणि परत."

"मंग दोरी टाका की. वाटंवरच हाय माझ्या."

दोरी सरांनी स्वतः टाकली. नाही म्हणता आलं असतं, पण उद्या सोमवार होता. ट्रकच्या ट्यूबनं मोटारबोट ओढली जाऊ लागली. काठावरच्या गर्दीला ट्यूब दिसत नव्हती, ती नावेच्या नाकाआड होती. दिसत होती ती आवाज न करता, धूर न सोडता चाललेली नाव. श्रीपतीनं ते पाहून रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'ब्याटरीवर उत्तम चालते.'

सरांनी बॅटरी मांडीवर घेतली आणि मागचा काठ बघत बसले. सिस्टरांनी चप्पल काढली. पाणकावळे वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून बसले होते. सिस्टरांनी डबा उघडला, भाकरीवर ठेचा ठेवून पुढं वाकून तुळजाबाईंना दिला, एक घास स्वतः घेतला. मग हात पाण्यात सोडून बसल्या. त्या काठाला नाव टेकली, वळली, निघाली. मध्ये कधीतरी सिस्टर गुणगुणत होत्या, हे सरांना पाठीमागून ऐकू आलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, त्यांना ती गुणगुणते हे माहीत नव्हतं.

येताना तुळजाबाई पुढं दिसत होत्या, पण दोरी पाण्यालगत असल्यानं दिसत नव्हती, आणि त्यांना तर लोक धरणात रोजच बघत. काठापासून वीस फुटांवर सरांनी दोरी सोडली आणि नाव आपल्या वेगानं येऊन टेकली. टाळ्या पडल्या. तुळजाबाई बाजूला जाऊन जाळं सोडवत बसल्या, आणि त्या कशासाठी आल्या असतील असं कुणालाही वाटलं नाही. बलभीम पाटलांनी सिस्टरांना हात देऊन उतरवलं. "काय मग, वहिनी? चालली का न्हाय?"

"गेली आणि आली," सिस्टर म्हणाल्या. "नाव ठेवायची."

सरांची छाती जाकिटात मावेना. त्यांनी बॅटरी उचलली, गर्दीकडं वळले, आणि दोन शब्द बोलण्यासाठी घसा साफ करू लागले. सिस्टर मात्र चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेनं तुळजाबाईंकडं गेल्या होत्या.

"तुम्ही रविवारी असता ना इथं?"

"रोजच असताव की, बाई."

"मग पुढच्या रविवारी मी येते. ह्यांना आणि बॅटरीला घरी ठेवते. तुम्हाला ओढायला हलकं जाईल."